जागा मोकळी करते

अक्षता काय काम करते, हे कुंभार पिंपळगावात कोणाला धड सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरवर बसती," एवढं शेजारीण सांगायची. तिची आई बेबीनंदा त्यात भर घालायची, "पुण्याच्या कंपनीचं हाय, पर घरूनच करती." एकदा परतूरकडचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या मामानं सरळच विचारलं, "म्हणजे डाटा एन्ट्री का?"

"न्हाई. मी यंत्राला समजावून सांगते," अक्षता म्हणाली.

मामानं चहाचा कप खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "मंग आमच्या पोराला घेऊन जा बाई, त्याला आजवर कोणी समजावू शकलं न्हाई." ते स्थळ जमलं नाही, पण कारण वेगळं होतं.

काम मात्र ती म्हणाली तसंच होतं. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं ई-मेलची सेवा काढली होती, आणि तीत मराठी बोलणारा एक यंत्र-मदतनीस बसवला होता. त्याचं नाव सोबती. मेलखात्याच्या सेटिंग म्हणजे शहाण्या माणसाला घाम फोडणारं प्रकरण. कुठं दाबलं की काय उघडेल याचा नेम नाही. म्हणून माणसानं सोबतीला तोंडानं सांगायचं आणि सोबतीनं सेटिंग बदलून टाकायच्या. त्यासाठी त्याच्या हाताशी साधनं दिलेली होती. पासवर्ड बदलायचं एक, मेलखालची सही बदलायचं एक, सुट्टीवर असल्याचा आपोआप जाणारा निरोप लावायचं एक, अशी पुष्कळ. गंमत अशी, की सोबतीला ही साधनं आतून दिसत नाहीत. प्रत्येकावर दोन-चार ओळींचं वर्णन चिकटवलेलं असतं, तेवढं वाचून तो ठरवतो, की कोणतं उचलायचं. परक्या बाईनं आपल्या स्वयंपाकघरात शिरावं आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून भाजी टाकावी, तसला कारभार. चिठ्ठीच चुकली तर त्या बाईला काय बोल लावायचा? त्या चिठ्ठ्या अक्षता लिहायची.

आणि चांगल्या लिहायची, हे कबूल केलं पाहिजे. सुरुवातीला कोणीतरी सोबतीला म्हणालं होतं, "मी लग्नाला चाललोय, मेलचं बघ." सोबतीनं त्याचे सगळे मेल येणंच थांबवून टाकलं. तेव्हा अक्षतानं सुट्टीच्या साधनाचं वर्णन नव्यानं लिहिलं. हे साधन फक्त निरोप लावते, मेल येणे थांबवत नाही, आणि निरोप कधी काढायचा ते विचारल्याशिवाय लावू नये. पुण्याचा इंजिनिअर सुमित, ज्यानं ते साधन बनवलं होतं, तो म्हणाला, "अक्षता, हे वाचून मलाच पहिल्यांदा कळलं मी काय बनवलंय." ती त्या दिवशी घरभर फुलून फिरत होती. आईनं विचारलं, पगार वाढला का? तर नाही म्हणाली. मग कशाला नाचती, म्हणून आई भाकरी थापायला गेली.

आता थोडं बेबीनंदाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्याकडून आलं असं अक्षताला वाटत राहिलं. घर बौद्धांचं, वडील धम्मपाल शाळेत मास्तर. बावीस प्रतिज्ञा लेकीला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतलेल्या. पण बेबीनंदाच्या जिभेला एक जुनी सवय होती, ती कोणत्याच प्रतिज्ञेनं सुटली नाही. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. पीठ संपलं म्हणायचं नाही, पीठ आणायचंय म्हणायचं. दिवा विझवला नाही, दिवा वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढवली. घरातून निघताना "जाते" म्हणालेल्या पोरीला उंबऱ्यातून परत बोलवून "येते" म्हणायला लावायचं. धम्मपाल मास्तर चिडायचे. "शब्दानं काय होतंय?" म्हणायचे. ती म्हणायची, "समद्या गोष्टी शब्दानंच व्हतात. तुम्ही मला बायको म्हणले म्हणून तर मी हितं हाय."

दुसरी ओळख अलीमचाचांची. बाजारतळाच्या कडेला त्यांचं गादी-रजईचं दुकान. कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर धडधडायचं आणि चाचांच्या भुवयांवर कापसाचं पांढरं बसलेलं असायचं, त्यामुळे ते वयाच्या आधीच म्हातारे दिसायचे. अक्षता ज्या रजईत वाढली ती त्यांच्या हातची. त्यांचा एकुलता एक मुलगा इजहार दहावीपर्यंत तिच्याच वर्गात होता. पुढे एसी बसवायचं शिकला आणि आखातात गेला.

तिकडून फोनवरचा फुकटचा कॉल लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून जायच्या आधीच इजहारनं चाचांचं मेलखातं काढून ठेवलं, आणि मुद्दाम अक्षताच्या कंपनीत काढलं. "अब्बा, काही अडलं तर अक्षता हाय," असं सांगून गेला. दर जुम्म्याला तो आपला आवाज रेकॉर्ड करून मेलला जोडून पाठवायचा. चाचांच्या फोनात जागा नसल्यामुळे ते आवाज फोनात उतरवून घेता यायचे नाहीत, मेलमध्येच उघडून ऐकायचे. काय खाल्लं, कोण मालक कसा आहे, किती ऊन आहे. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि सरदारबी चाची ते एकेक दहादा ऐकायची. एका आवाजात इजहारला मधेच शिंक येते आणि तो "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो. शिंकणारा असं म्हणाला की ऐकणाऱ्यानं त्याच्यासाठी दुआ म्हणायची असते. चाची दर वेळी फोनला ती दुआ द्यायची, "यरहमुकल्लाह." फोनला. चाचा हसायचे.

मग इजहार एका इमारतीवरून पडला. तिकडेच मातीत गेला. चाचीला त्याचं तोंड दिसलं नाही, कबर दिसली नाही. तेव्हापासून जुम्म्याच्या दुपारी चाचा नमाज पढून आले, की दोघं दुकानामागच्या खोलीत बसायची, चाचा एक आवाज लावायचे, आणि शिंक आली की चाची दुआ द्यायची. आता चाचा हसत नसत. इजहारचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या मेलखात्यात होतं, आणि हे अक्षताला चांगलं माहीत होतं. कितीदा तरी तिनंच त्यांना आवाज लावून दिला होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सुमितनं एक नवं साधन बनवलं. पुष्कळांची खाती भरून जात होती, नवे मेल येईनात. या साधनानं एक सेटिंग चालू व्हायची, ती एका वर्षाहून जुने मेल काढून टाकायची. कचरापेटीत नव्हे, थेट. सुमितनं अक्षताला तसं कळवलं होतं. ती वर्णन लिहायला बसली. "हे साधन जुने मेल नष्ट करते," असं लिहिलं आणि तिलाच ते वाईट दिसलं. नष्ट कसलं, काय शब्द हा! तिनं तो खोडला. "काढून टाकते" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, "खाते भरले असल्यास जुने मेल आवरून जागा मोकळी करते." वाचायला किती नीटनेटकं वाटलं! आवरून म्हणजे काय आणि आवरलेलं जातं कुठं, हे तिनं लिहिलं नाही. लिहायला नको असं ठरवलं नव्हतं, ते लिहावंसंच वाटलं नाही. पुण्यात बैठकीत सगळ्यांनी ते वाचलं. एक बाई म्हणाल्या, "किती गोड मराठी लिहिते ही." आणि ज्या साधनाच्या वर्णनात धोका लिहिलेला नाही, ते वापरण्याआधी सोबती कोणाला विचारत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोड लागलं की कोण थुंकतं?

एका बाजाराच्या दिवशी अलीमचाचा तिच्या दारात आले. भुवया पांढऱ्या, तोंडभर हसू.

"अक्षता बेटा, तुझं मशीन लई हुशार हाय! सकाळपासून म्हणून राह्यलं होतं, खातं भरलं, नवीन काही येणार न्हाई. मी म्हणलं, आता कुठं हिला तरास देऊ. मंग त्यालाच बोललो, बाबा, जागा न्हाई म्हणतो तर जागा कर. लगेच म्हणालं, झालं, जागा मोकळी झाली. बिलकुल तुझ्यासारखं गोड बोलतंय."

अक्षताच्या हातातला चहा तसाच राहिला. "चाचा, फोन कुठंय?"

"दुकानात हाय चार्जिंगला. का?"

"न्हाई, असंच," ती म्हणाली. चाचा पुढे गेले आणि बाजारात आणखी दोघा-तिघांना सांगत राहिले, की हे मशीन आपल्या धम्मपाल मास्तरांच्या पोरीनं शिकवलंय. तिला इथूनही ऐकू येत होतं. त्यांच्या मागोमाग जाऊन तिनं फोन बघितला नाही. नसेल झालं तसं, असं ती स्वतःला सांगत राहिली. भरलेलं खातं सोबतीनं दुसऱ्या कोणत्या साधनानं रिकामं केलं असेल. पण दुसरं साधन नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

जुम्म्याला दुपारी चाचांचा निरोप आला, जल्दी ये म्हणून. दुकानामागच्या खोलीत चाची भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावर पदर, हात मांडीवर. चाचा फोनावर बोट फिरवत होते.

"दिसून न्हाई राह्यले बेटा. वर असतील का खाली?"

अक्षतानं फोन घेतला. खातं खरंच मोकळं झालं होतं. उरल्या होत्या त्या जाहिराती, कारण त्या नव्या होत्या. कर्ज घ्या, टक्कल घालवा, जुन्या मोबाइलवर सूट. इजहारचं एक अक्षर नव्हतं. तिनं कचरापेटी उघडली, ती रिकामी. तिनं नावानं शोधलं. मग इंग्रजीत नावानं शोधलं. मग उगाच पुन्हा शोधलं.

"आज त्याची शिंक न्हाई आली," चाची म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही. मग अक्षताकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बेटी, माझ्या इजहारचा आवाज कुठं ठेवला गं तू?"

ठेवला म्हणाली. चाचीच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. मशीन अक्षताचं, तेव्हा अक्षतानं कुठंतरी नीट ठेवला असणार. अक्षताला वाटलं, जमीन दुभंगावी.

"शोधून राह्यले चाची," ती म्हणाली. "पुण्याला विचारते. सापडतील."

सापडतील, असं म्हणाली ती.

घरी येऊन तिनं सुमितला फोन लावला. सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. लगेच म्हणाला, "बॅकअपमध्ये बघतो." संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला. खातेदारानं काढून टाकलेलं कंपनी मागे ठेवत नाही. लोकांची खासगी पत्रं आम्ही साठवत नाही, हेच तर कंपनी अभिमानानं सांगायची, आणि ते खरं होतं. "खोटं बोलत असतो तर बरं झालं असतं," सुमित म्हणाला. मग म्हणाला, "तुझी एकटीची चूक नाही. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य पास केलं होतं."

"माझं वाक्य होतं," अक्षता म्हणाली.

"असू दे. आता ते बदल. आणखी कोणाचं जायला नको."

ते तिनं लगेच बदललं. या वेळी शब्द अडला नाही. जे खरं ते लिहिलं आणि पाठवून दिलं. सोबतीला आता पक्कं कळलं. उद्यापासून कोणाच्याही म्हाताऱ्या आईचा, कोणाच्याही दूर गेलेल्या लेकाचा आवाज तो न विचारता पुसणार नव्हता. हे काम झालं, आणि त्यानं अलीमचाचांच्या घरी काडीचाही फरक पडत नव्हता.

त्या वेळी तिला आई आठवली. आई चुलीपाशीच होती, तरी आठवली. आई "दिवा वाढवला" म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला अंधार झाल्याचं कळतं. न बोललेलं जे असतं ते गावातलं शेंबडं पोरही ओळखतं, म्हणून तर असं बोलणं चालतं. सोबती काही पिंपळगावात वाढला नव्हता. त्याला लिहिलेलं तेवढं कळत होतं. तिनं लिहिताना समोर बेबीनंदा धरली होती, आणि वाचणारा होता तो.

पुढचे दिवस फार वाईट गेले. चाचा दुकान उघडायला जाताना तिच्या दारावरून जायचे आणि हाक मारायचे, "आलं का पुण्याहून काही?" ती म्हणायची, "बघून राह्यलेत, चाचा." संध्याकाळी परत जाताना पुन्हा. ती पुन्हा तेच. तोंडात खरं वाक्य तयार असायचं. हाक आली की ते घशाखाली उतरायचं आणि "बघून राह्यलेत" वर यायचं. यंत्राला जे एका दमात सांगितलं ते माणसाला सांगता येईना. एकदा तर तिनं हाक ऐकून दिवाच घालवला आणि अंधारात बसून राहिली. चाचा दाराशी थोडे थांबले. "झोपली वाटतं पोर," म्हणून निघून गेले.

मास्तर म्हणाले, "सांगून टाक. किती दिवस आशेवर ठेवशील?" बेबीनंदा एवढंच म्हणाली, "सरदारबी रोज मला विचारती, तुझी पोर जेवती का म्हणून. म्हणती, माझ्यापायी लई मेहनत करून राह्यली." हे ऐकल्यावर अक्षताला रडू फुटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

तिनं एकदा सुचवलं, की इजहारच्या तिकडच्या मित्रांना विचारू, कोणाच्या फोनात काही असेल. चाचांनी नंबर शोधले. एक लागला नाही, एकानं दोन फोटो पाठवले, त्यात इजहार पाठमोरा होता. आवाज कोणाकडे नव्हता. आवाज त्यानं फक्त घरी पाठवले होते.

पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर चाचा तिच्या अंगणात आले आणि हाक न मारता सरळ तिच्या टेबलापाशी येऊन बसले. टोपी डोक्यावर तशीच होती. तिनं उठून पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"बेटा, मास्तर म्हणाले, तू त्या मशीनला नवीन काहीतरी लिव्हलंय."

"हो चाचा."

"वाच बरं."

"त्यात काही न्हाई चाचा, कामाचं आहे."

"वाच. मलाही कळू दे, काय सांगितलं त्याला."

अक्षतानं लॅपटॉप उघडला. तिला वाटलं, यातलं एखादं वाक्य गाळता येईल. मग वाटलं, गाळूनच तर इथवर आलो. तिनं वाचलं.

"हे साधन एका वर्षाहून जुने सर्व मेल, त्यांना जोडलेल्या आवाजांसह, कायमचे नष्ट करते. नष्ट झालेले मेल कोणालाही परत आणता येत नाहीत. खातेदाराला हे आधी स्पष्ट शब्दांत सांगावे. तो हो म्हणाल्याशिवाय हे साधन वापरू नये."

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "मधलं पुन्हा वाच."

"नष्ट झालेले मेल कोणालाही परत आणता येत नाहीत."

"कोणालाच न्हाई?"

"कोणालाच न्हाई, चाचा."

भुवईवरचा कापूस त्यांनी बोटानं काढला, बघितला, खाली टाकला. अक्षता मान वर करू शकत नव्हती. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बराबर लिव्हलं बेटा. आता बिलकुल समजलं." ते उठले. दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले, पाठ तिच्याकडेच. "ती बसलीय फोन घेऊन. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तू ये आणि तिला हेच वाचून दाखव. असंच. एक शब्द बदलू नको."

अक्षतानं चपला घातल्या. बेबीनंदा उंबऱ्यात उभी होती, आज तिनं "येते" म्हणायला लावलं नाही. बाजारतळापर्यंत चाचा पुढे आणि ती मागे अशी दोघं चालत गेली. पिंजायचं यंत्र बंद होतं. मागच्या खोलीत सरदारबी भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर, हात स्वच्छ धुतलेले. अक्षताला बघून तिचा चेहरा उजळला.

"आला का गं त्याचा आवाज?"

अक्षता तिच्यासमोर बसली, लॅपटॉप उघडला आणि वाचायला लागली.